चौथरा, खोडा आणि प्रतीकाची पळवाट

नथॅनिएल हॉथॉर्नच्या ‘द स्कार्लेट लेटर’ (१८५०) या कादंबरीतील चौथरा कशाचे प्रतीक आहे, हा प्रश्न इंग्रजी वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला हमखास विचारला जातो आणि त्याचे उत्तर त्याला प्रश्नाआधीच ठाऊक असते. पहिल्या प्रसंगी चौथरा म्हणजे लज्जा, दुसऱ्या प्रसंगी अपराधभाव, तिसऱ्या प्रसंगी मुक्ती. तीन प्रसंग, तीन अर्थ आणि त्यांतून वर चढत गेलेली एक रेषा. फळ्यावर हे फार सुबक दिसते. आमचे म्हणणे असे, की हे उत्तर नुसते अपुरे नाही, ते कादंबरीच्या विरोधात जाणारे आहे. गंमत अशी, की असे उत्तर देणारी माणसे खुद्द कादंबरीतच आहेत आणि हॉथॉर्नने त्यांची पुरेशी टर उडवून ठेवली आहे. त्यांच्याकडे आम्ही यथावकाश येऊच.

आधी वस्तू नीट पाहावी. या चौथऱ्यासाठी वर्गांतून ‘वधस्तंभ’ हा शब्द वापरलेला आम्ही ऐकला आहे. तो दोन कारणांनी घातक आहे. एक तर कादंबरीत या चौथऱ्यावर कुणालाही देहान्त शासन होत नाही. दुसरे कारण अधिक गंभीर आहे. मराठी ख्रिस्ती परिभाषेत वधस्तंभ म्हणजे येशूचा क्रूस. हा शब्द उच्चारला, की पाद्री आर्थर डिम्सडेल काही न करताच ख्रिस्ताच्या शेजारी जाऊन उभा राहतो आणि ‘मुक्ती’चे उत्तर अर्धे लिहून होते. हॉथॉर्न सांगतो ती वस्तू याहून पुष्कळ साधी आहे. बॉस्टनच्या बाजाराच्या पश्चिम टोकाला, गावातल्या सर्वांत जुन्या चर्चच्या जवळजवळ वळचणीखाली उभारलेला एक चौथरा. त्याला लाकडी पायऱ्या. वर माणसाची मान अडकवून त्याचा चेहरा लोकांसमोर धरून ठेवणारा खोडा. चौथऱ्याची उंची रस्त्यापासून साधारण माणसाच्या खांद्याइतकी. ‘चव्हाट्यावर आणणे’ हा आपला वाक्प्रचार या वस्तूला जितका चपखल बसतो तितका कोणताही जड प्रतिशब्द बसत नाही. चव्हाटा ही आधी जागा असते. बदनामी हा त्या जागेचा उपयोग असतो.

हेस्टर प्रिनला या जागेवर तीन तास उभे राहण्याची शिक्षा झालेली आहे. व्यभिचाराला कायद्याने मृत्युदंड देता आला असता; न्यायाधीशांनी दया केली, तीन तासांवर आणि जन्मभर छातीवर वागवायच्या लाल अक्षरावर भागवले. मान खोड्यात अडकवण्याचेही वगळले. ही दया कोणत्या जातीची आहे हे निवेदकाला पक्के कळते. लाजेने तोंड लपवू पाहणाऱ्या माणसाला ते लपवू न देणे, याहून मानवी स्वभावावर मोठा अत्याचार नाही, असे तो तेथल्या तेथे नोंदवतो. त्याच ओघात तो हा चौथरा म्हणजे एका दंडयंत्रणेचा भाग होता असे सांगून त्याची तुलना फ्रान्समधील गिलोटिनशी करतो. अपराधभावाच्या अमूर्त चर्चेत रमलेल्या टीकाकारांनी ही तुलना जरा थांबून वाचायला हवी होती. येथे लेखक आत्म्याविषयी बोलत नाही. तो राज्यसंस्थेच्या एका अवजाराविषयी बोलतो आहे.

हे अवजार त्याच्या मनात बराच काळ होते. ‘एन्डिकॉट अँड द रेड क्रॉस’ ही त्याची गोष्ट ‘द स्कार्लेट लेटर’च्या सुमारे बारा वर्षे आधीची. तिच्यात सेलमच्या प्रार्थनागृहाशेजारी फटक्यांचा खांब, मानेचा खोडा आणि पायांचा खोडा ही सारी सामग्री मांडून ठेवलेली आहे. मानेच्या खोड्यात कोण आहे? परपंथाचा, छुपा कॅथलिक असल्याचा संशय असलेला एक माणूस. पायांच्या खोड्यात कोण? राजाच्या नावाने उघडपणे प्याला उंचावणारा एकजण. आणि त्याच गर्दीत छातीवर ‘ए’ अक्षर वागवणारी, ते सोन्याच्या धाग्याने भरणारी एक तरुण स्त्रीही आहे. म्हणजे हेस्टरचे अक्षर आणि हेस्टरचा चौथरा हॉथॉर्नच्या कल्पनेत प्रथम आले ते एका शासनाने आपल्या नकोशा माणसांसाठी केलेल्या व्यवस्थेचा भाग म्हणून. कादंबरीचा काळ साधारण १६४२ ते १६४९ हा आहे. म्हणजे इंग्लंडात राजा आणि संसद यांची लढाई चालू होती तो, आणि १६४९च्या जानेवारीत चौथऱ्यावर पहिल्या चार्ल्सचे मुंडके उडाले तेथवर येणारा. लॅरी रेनॉल्ड्स यांनी १९८५ मधल्या एका लेखात या कादंबरीचा संबंध १८४८च्या युरोपीय क्रांत्यांशी जोडून दाखवला आहे. खुद्द हॉथॉर्न १८४९ मध्ये सरकार बदलल्यामुळे सेलमच्या कस्टम हाऊसमधल्या नोकरीतून काढला गेला आणि कादंबरीच्या प्रास्ताविकात त्याने स्वतःला शिरच्छेद झालेला अधिकारी म्हणवून घेतले. विनोदच तो, पण चौथऱ्यावर उभे करणाऱ्या हातांना चेहरे असतात, याची त्याला ताजी आठवण होती एवढे त्यातून नक्की कळते.

आता पहिल्या प्रसंगातील माणसांच्या जागा पाहा. गर्दी खाली, हेस्टर चौथऱ्यावर आणि तिच्याही वर, प्रार्थनागृहाच्या सज्जात, गव्हर्नर बेलिंगहॅम, वृद्ध धर्मगुरू जॉन विल्सन आणि आर्थर डिम्सडेल. हेस्टरच्या मुलीचा बाप त्या सज्जात आहे. विल्सन त्याला पुढे करतो आणि तो कठड्यावरून वाकून हेस्टरला विनवतो, की सहअपराध्याचे नाव सांग. त्याला उच्चासनावरून उतरून तुझ्या शेजारी उभे राहावे लागले तरी जन्मभर पाप लपवण्यापेक्षा ते बरे. हे बोलणाऱ्याला खाली उतरायला किती पायऱ्या लागल्या असत्या? तो उतरत नाही. उतरण्याचे काम तो तिच्यावर सोपवतो आणि ती नाव सांगत नाही, तेव्हा छातीवर हात ठेवून तिच्या औदार्याचे कौतुक करतो. ‘पहिला प्रसंग : लज्जा’ असे लिहिणाऱ्याने कुणाची लज्जा ते लिहावे. हेस्टर ताठ उभी आहे.

शिवाय ती पाहते आहे. चौथऱ्यावरून तिला इंग्लंडातील माहेरचे जुने घर दिसते, वडिलांचे कपाळ, आईचा काळजीचा चेहरा, आरशातले आपले तरुणपण, एक खांदा किंचित वर असलेला तो वयस्क विद्वान नवरा, युरोपातले शहर आणि मग पुन्हा हा बाजार. तिच्या आयुष्याची सगळी वाट जेथून दिसली अशी ती जागा होती, असे निवेदक म्हणतो. जिला पाहण्यासाठी सारा गाव जमला आहे तीच त्या जागेवरून सर्वांत लांबचे पाहते. लज्जा-अपराध-मुक्ती या तक्त्यात हे कोठे बसवायचे? बसत नाही, म्हणून ते गाळले जाते.

मधली सात वर्षे हेस्टर अक्षर वागवते आणि डिम्सडेल प्रवचने देतो. या प्रवचनांकडे चौथऱ्याची चर्चा करणारे क्वचितच वळतात, आणि आमच्या मते खरी किल्ली तेथे आहे. व्यासपीठावरून तो लोकांना सांगतो, की मी नीच आहे, पाप्यांतला पापी आहे, देवाच्या कोपाने माझे शरीर तुमच्यासमोर जळून कसे जात नाही याचे आश्चर्य वाटावे. लोक काय करतात? त्यांची भक्ती वाढते. एवढा पुण्यवान माणूस स्वतःला पापी म्हणतो, तर आपले काय, असे ते म्हणतात. आणि ते असेच म्हणणार हे डिम्सडेलला ठाऊक असते. खरे ते बोलूनच त्याने त्याचे असत्य करून टाकले, असा निवेदकाचा निवाडा आहे. हे घडते कशाने? अपराध सर्वसामान्य केल्याने. ‘मी पापी आहे’ या वाक्यात ना हेस्टर आहे, ना पर्ल, ना तारीख, ना ठिकाण. ते कुणाही ख्रिश्चनाने म्हणावे असे वाक्य आहे. व्यासपीठावर अपराध प्रतीक होऊन वावरू शकतो. त्याच चर्चच्या वळचणीखालच्या चौथऱ्यावर तसे जमत नाही. तेथे कोण, कुणाबरोबर, कुणाचे मूल, एवढेच विचारले जाते. हॉथॉर्नने या दोन जागा भिंतीला भिंत लावून बांधल्या, त्यात काही हेतू असणार.

मध्यरात्रीचा प्रसंग, म्हणजे बारावे प्रकरण, हा या कादंबरीचा कळस आहे असे आम्ही मानतो. दुर्दैवाने तो शिकवला जातो भेसूर गांभीर्याने. त्यातला विनोद कुणाला ऐकू येत नाही. मे महिन्याच्या आरंभीच्या काळ्या रात्री डिम्सडेल चौथऱ्यावर चढतो. सात वर्षांच्या उन्हापावसाने लाकूड काळवंडले आहे आणि हेस्टरनंतर चढलेल्या अनेक गुन्हेगारांच्या पायांनी झिजले आहे. (हे ‘अनेक’ कोण, हे कादंबरी सांगत नाही; पण चौथरा हेस्टर-डिम्सडेलसाठीच राखून ठेवलेला नव्हता, हे त्या एका उल्लेखाने कळते.) निवेदक बजावतो, की सकाळपर्यंत तो येथे उभा राहिला असता तरी धोका एकच होता; सांधे धरले असते, पडसे-खोकला झाला असता आणि उद्याच्या श्रोत्यांचे प्रवचन बुडाले असते. याहून निष्ठुर वाक्य या पुस्तकात नाही. प्रेक्षक नसलेल्या चव्हाट्यावर उभे राहणे म्हणजे तालीम करणे, एवढेच निवेदक सुचवतो. डिम्सडेल किंकाळी फोडतो. बेलिंगहॅम रात्रीची टोपी घालून दिवा धरून खिडकीशी येतो आणि परत जातो. विल्सन कंदील घेऊन अगदी जवळून जातो. त्याला हाक मारल्याचे डिम्सडेलला वाटते, पण ती हाक ओठांबाहेर पडलेलीच नसते.

मग हेस्टर आणि पर्ल येतात. गव्हर्नर विन्थ्रॉप नुकताच वारला आहे आणि त्याच्या अंत्यवस्त्राचे माप घेऊन हेस्टर घरी निघाली आहे. गावाने टाकलेली बाई गावाच्या मोठ्या माणसाची शेवटची वस्त्रे शिवते आहे. (इतिहासातला विन्थ्रॉप १६४९च्या मार्चमध्ये वारला, हॉथॉर्नने त्याला मे महिन्यापर्यंत जगवले.) तिघे हात धरून उभे राहतात आणि पर्ल विचारते, की उद्या दुपारी आमच्याबरोबर येथे उभा राहशील का. सात वर्षांच्या मुलीने विचारलेला हा एकच प्रश्न साऱ्या कादंबरीत सरळ आहे. डिम्सडेल म्हणतो, उद्या नाही, कयामतीच्या दिवशी. पर्ल हात सोडवून घेऊ पाहते.

त्यानंतर आकाशात उल्का चमकते आणि डिम्सडेलला तीत ‘ए’ दिसतो. हेन्री जेम्सने हॉथॉर्नवरील आपल्या १८७९च्या पुस्तकात या कादंबरीत प्रतीकांचा अतिरेक झाल्याची तक्रार केली आणि उल्केचा हा प्रसंग पुढे केला. जेम्ससारख्या वाचकाच्या नजरेतून हे निसटावे याचे आम्हांला नवल वाटते. कारण प्रतीक शोधणाऱ्या मनाची चिकित्सा निवेदकाने त्याच पानावर करून ठेवली आहे. आपले दुःख सांगायला सारे आकाश कागदासारखे पसरले आहे असे एखाद्याला वाटू लागले, तर ते मन विकारग्रस्त आहे, त्याचा अहंकार निसर्गभर पसरला आहे, असे तो स्वच्छ म्हणतो. दुसऱ्या दिवशी चर्चचा सेवक सांगतो, की गावालाही तो ‘ए’ दिसला आणि विन्थ्रॉप देवदूत झाला असा त्याचा अर्थ गावाने लावला. एक अक्षर आणि दोन सोयीचे अर्थ. तोच सेवक डिम्सडेलला त्याचा काळा हातमोजा आणून देतो. तो सापडला कोठे? चौथऱ्यावर. तेथे तो आला कसा? सैतानाने टाकला, दुसरे काय. पुरावा हातात असताना गाव रूपक पसंत करते. आणि त्याच दिवशी डिम्सडेलने दिलेले प्रवचन आजवरचे सर्वांत प्रभावी ठरलेले असते.

अरण्याविषयी एकच वाक्य. ‘चौथरा म्हणजे समाज, अरण्य म्हणजे स्वातंत्र्य’ हे आणखी एक फळ्यावरचे समीकरण पर्लनेच मोडले आहे. तेथे हेस्टरने फेकून दिलेले अक्षर पुन्हा लावल्याशिवाय ती आईजवळ येत नाही.

आता तिसरा प्रसंग, ज्याला मुक्तीचा म्हणतात. निवडणुकीच्या दिवसाचे प्रवचन चर्चमध्ये चालू आहे. आत जागा नाही, म्हणून हेस्टर चौथऱ्याच्या पायथ्याशी उभी आहे. तिला शब्द ऐकू येत नाहीत, नुसता आवाज येतो. परगावचे लोक आणि खलाशी तिच्या छातीवरचे अक्षर पाहायला कडे करून उभे आहेत. आत त्याच्या वाणीने लोक भारावले आहेत आणि बाहेर ती त्याच चव्हाट्यावर पुन्हा पाहिली जाते आहे. मग मिरवणुकीतून तो बाजूला होतो, हेस्टरला आणि पर्लला बोलावतो आणि चढतो. चढतो म्हणजे हेस्टरच्या खांद्यावर भार टाकून, पर्लचा हात धरून. सात वर्षांपूर्वी हेस्टर याच पायऱ्या तीन महिन्यांचे मूल कडेवर घेऊन चढली होती, तेव्हा तिला कुणाचा खांदा नव्हता. ‘नायकाचे आरोहण’ अशी भाषा वापरणाऱ्यांनी हा खांदा विसरू नये.

तो बोलतो काय, तेही पाहण्यासारखे आहे. स्वतःला जगातला एकमेव पापी म्हणवून तो सुरुवात करतो आणि नेमका कबुलीचा भाग आला की तृतीय पुरुषी होतो : तुमच्यात एकजण असा होता, त्याच्यावर तो डाग होता, देवाला तो दिसत होता. ‘हे मूल माझे आहे’ हे साधे वाक्य तो उच्चारीत नाही. मग छातीवरचे वस्त्र फाडतो. तेथे काय दिसले हे निवेदक सांगायचे नाकारतो. मरताना तो हेस्टरला विचारतो, की अरण्यात आपण ठरवले होते त्यापेक्षा हे बरे नव्हे का. हेस्टर म्हणते, मला माहीत नाही. तिघेही येथेच मरणार असलो तर बरे म्हणता येईल. मग ती विचारते, की पुढच्या जन्मात तरी आपण एकत्र असू ना. तो तिला गप्प करतो, मोडलेल्या नियमाची आठवण देतो, असल्या आशेचा भरवसा नाही म्हणतो आणि आपल्याला असे मरण दिल्याबद्दल देवाचे आभार मानून प्राण सोडतो. मुक्ती झालीच असेल तर ती एकट्याची झाली. पर्लला मात्र काही मिळाले हे मान्य करावे लागेल. बापाचे चुंबन घेताना ती रडते आणि माणसांत येते. हेस्टरला मिळाले ते अनुत्तरित प्रश्नाचे ओझे. ‘तिसरा प्रसंग : मुक्ती’ या तीन शब्दांत ही बाई कोठे आहे?

आणि आता ती माणसे, ज्यांचा उल्लेख आम्ही आरंभी केला. शेवटच्या प्रकरणात हॉथॉर्न सांगतो, की चौथऱ्यावर काय दिसले याविषयी गावात एकमत नव्हते. बहुतेकांनी पाद्र्याच्या छातीवर तसेच अक्षर पाहिल्याचे सांगितले आणि ते कसे उमटले याची निरनिराळी कारणे दिली. पण त्याच वेळी तेथे हजर असलेले, त्याच्यावरची नजर न हलवलेले काही प्रतिष्ठित साक्षीदार म्हणाले, की छातीवर काहीही नव्हते. त्याच्या शेवटच्या शब्दांत हेस्टरच्या अपराधाशी त्याचा लेशमात्र संबंध कबूल केलेला नव्हता. पतित स्त्रीच्या कुशीत मरण पत्करून त्याने आपल्या मृत्यूचा एक दृष्टान्त केला, की ईश्वराच्या पावित्र्यापुढे आपण सारेच सारखे पापी. यावर निवेदकाची टिप्पणी अशी, की माणसाचे, विशेषतः धर्मगुरूचे, मित्र त्याचे चारित्र्य किती हट्टाने राखतात याचा हा नमुना समजावा.

आमचा आक्षेप येथे पूर्ण होतो. चौथऱ्याचा प्रसंग म्हणजे मानवी अपराधाचे वैश्विक प्रतीक, असे आपण वर्गात म्हणतो तेव्हा आपण त्या प्रतिष्ठित साक्षीदारांच्या रांगेत बसतो. ‘सारेच पापी’ म्हटले की कुणीच जबाबदार राहत नाही आणि तीन तास उन्हात उभी राहिलेली बाई दृष्टान्तातील एक पात्र होऊन जाते. व्यासपीठावरून डिम्सडेलने सात वर्षे जे केले, त्याचीच ही समीक्षेच्या भाषेतली आवृत्ती आहे.

यावर कुणी म्हणेल, की हॉथॉर्न प्रतीकवादी लेखकच होता, तीन प्रसंगांची रचना त्यानेच केली. मग आम्ही का भांडतो? रचना आहेच. एफ. ओ. मॅथीसन यांनी १९४१च्या ‘अमेरिकन रेनेसन्स’मध्ये चौथऱ्याच्या तीन प्रसंगांभोवती ही कादंबरी कशी बांधली आहे ते दाखवले, आणि त्यांचे ते ऋण कुणी नाकारू नये. पण इमारतीचे खांब मोजून झाले म्हणजे घरात कोण राहते हे कळत नाही. नीना बेम १९७०च्या दशकापासून सांगत आल्या, की ही कादंबरी हेस्टरची आहे. ते मान्य केले, की तीन प्रसंग एकाच माणसाच्या आत्म्याची शिडी राहत नाहीत. एकीला सक्तीने चढवलेल्या जागेवर दुसऱ्याला सात वर्षे केव्हाही चढता येत होते, हा त्यांच्यातला फरक मग दिसू लागतो. निवेदकाने शेवटी जो बोध काढला आहे तोही पुरावा म्हणून आमच्यापुढे ठेवला जातो : खरे राहा, आपले वाईट जगाला दाखवा. तो बोध पुरता वाचावा. वाईट दाखवता आले नाही, तर ज्यावरून त्याचा अंदाज बांधता येईल असे काही तरी दाखवा, अशी सवलत त्यात जोडलेली आहे. डिम्सडेलला मापून शिवलेला बोध आहे तो. आणि ‘अनेक बोधांपैकी हा एक’ असे म्हणून निवेदकाने स्वतःही त्यापासून हात झटकले आहेत.

त्या साक्षी-जबाबांनंतर कादंबरी चौथऱ्याकडे पुन्हा वळत नाही. बऱ्याच वर्षांनी हेस्टर परदेशातून एकटी परत येते, किनाऱ्यावरच्या त्याच झोपडीचे दार उघडते आणि कोणत्याही न्यायाधीशाने सांगितलेले नसताना अक्षर पुन्हा लावते. गावातल्या बायका, फसलेल्या, टाकलेल्या, कुणालाच नको असलेल्या, तिच्या दारात येऊन आपले दुःख सांगतात आणि आम्ही इतक्या दुःखी का, यावर उपाय काय, असे विचारतात. तेथे सज्जा नाही, खोडा नाही आणि ऐकायला एकच माणूस आहे. ती मरते तेव्हा तिला डिम्सडेलच्या जुन्या थडग्याशेजारी पुरतात. दगड दोघांना मिळून एक, पण मध्ये थोडी जागा सोडलेली.